एकच भांडे, चार ताटे : बंगळुरूच्या स्वयंपाकघरातील प्रमाणाचा हिशेब

बंगळुरू : कुटुंबाने किती जेवावे, याची चर्चा सहसा ताट वाढून झाल्यावर सुरू होते. वास्तविक तिचा निकाल त्याआधी तासभर, तांदळाच्या डब्यात माप बुडते तेव्हाच लागलेला असतो. बंगळुरूच्या जुन्या घरांत हे माप म्हणजे ‘पावु’, शेराचा चौथा भाग. महाराष्ट्रात त्याच कामासाठी चिपटे आणि मापटे होते. आता डब्यात स्टीलची वाटी किंवा विजेच्या कुकरबरोबर आलेला प्लास्टिकचा पेला असतो. साधन बदलले, सवय मात्र तीच राहिली. माणशी किती तांदूळ लागतो, हे प्रत्येक घराला तोंडपाठ असते. माणशी डाळ किती आणि भाजी किती, असे विचारले तर उत्तर येते ‘मूठभर’ आणि ‘असेल ती’.

आहारातील प्रमाण म्हणजे केवळ कमी खाणे, असा समज रूढ आहे. त्यामुळे घरात कोणाचे वजन किंवा साखर वाढली की पोळी दोनावरून एकवर येते, भात अर्धा होतो आणि रिकाम्या झालेल्या जागी काहीच येत नाही. भूक भागत नाही, चार दिवसांत निश्चय मोडतो. प्रमाण या शब्दाचा दुसरा अर्थ अधिक उपयोगाचा आहे : एका पदार्थाशी दुसऱ्याचे गुणोत्तर. ताटातील धान्य, डाळ, भाजी आणि तेल यांचे परस्परांशी नाते काय असावे, हा तो प्रश्न. आणि त्याचे उत्तर ताटात नव्हे, भांड्यात द्यावे लागते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक १७ मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाला २००० किलोकॅलरी ऊर्जेच्या आहाराचा एक नमुना त्यात दिला आहे. धान्ये व भरडधान्ये २५० ग्रॅम. डाळी व कडधान्ये, किंवा त्याऐवजी अंडी व मांस, ८५ ग्रॅम. पालेभाज्यांसह भाज्या ४०० ग्रॅम. फळे १०० ग्रॅम. दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. शेंगदाणे, तीळ यांसारख्या तेलबिया व सुका मेवा ३५ ग्रॅम. आणि तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य आणि डाळीचे आकडे कोरड्या, न शिजवलेल्या वजनाचे आहेत. ही बारीकसारीक वाटणारी बाब ध्यानात न घेतल्याने बराच घोटाळा होतो. १०० ग्रॅम तांदळाचा भात वजनाने अडीच-तीनपट होतो. शिजलेला भात २५० ग्रॅम मोजणारा माणूस आपण दिवसभराचे धान्य संपवले असे समजून बसतो.

हा नमुना चार माणसांच्या घरात महिन्याच्या किराण्यावर उतरवला, तर चित्र एकदम स्पष्ट होते. सगळ्यांची गरज सारखी नसते. पण सरासरी २००० किलोकॅलरी धरली, तर तांदूळ, गहू, नाचणी, रवा, पोहे असे सगळे मिळून ३० किलो धान्य पुरते. डाळी व कडधान्ये १० किलोंच्या आसपास लागतात. तेल-तूप मिळून सव्वातीन किलो. भाजी मात्र रोज एक किलो ६०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ४८ किलो. ज्या घरातील महिन्याच्या यादीत ४० किलो धान्य, तीन किलो डाळ आणि पाच लिटर तेल असते, त्या घराने ताटाचा आकार लहान केला काय आणि मोठा केला काय, आहाराचे गुणोत्तर तेच राहणार. वजनकाटा विकत घेण्याआधी वाण्याचे मागील तीन महिन्यांचे बिल वाचणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे ठरते.

संस्थेने सांगितलेल्या आहारात दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांपर्यंतच ऊर्जा धान्यातून यावी, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ती ५० ते ७० टक्क्यांपर्यंत धान्यातूनच येते आणि डाळी, मांस, मासे मिळून जेमतेम ६ ते ९ टक्के देतात, असे या सूचनांतच नमूद केले आहे. याला केवळ आवड कारणीभूत नाही. डाळी व मांसाची मर्यादित उपलब्धता आणि त्यांचे चढे भाव हेही कारण संस्थेने स्पष्टपणे मांडले आहे. कर्नाटकात जुलै २०१३ मध्ये ‘अन्नभाग्य’ योजना सुरू झाल्यापासून स्वस्त धान्याने गरीब घरातील भुकेचा प्रश्न पुष्कळसा हलका केला. परंतु भूक भागणे आणि पोषण होणे यांत जे अंतर आहे, ते एकट्या तांदळाने भरून निघत नाही.

अंतर वाढल्याचे परिणाम दोन्ही बाजूंनी दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कर्नाटकात हे प्रमाण सुमारे ४८ टक्के होते. त्याच राज्यात त्याच वयोगटातील ३० टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. वजन अधिक आणि रक्त कमी, हे दोन्ही एकाच राज्यात, कित्येकदा एकाच घरात आणि काही वेळा एकाच व्यक्तीत आढळते.

सर्वांत शेवटचे ताट

ही विसंगती समजून घ्यायची तर घरात कोण केव्हा जेवते, हे पाहावे लागते. मापाने अधिक शिजलेला भात फेकला जात नाही. तो उरतो, आणि शेवटी जेवणारी व्यक्ती तो संपवते. घट्ट डाळ, भाजीचा मोठा वाटा, अंड्याचा शेवटचा तुकडा तोपर्यंत संपलेला असतो. बहुतेक घरांत ही शेवटची व्यक्ती म्हणजे स्वयंपाक करणारी स्त्री. तिच्या ताटात धान्य सर्वांत जास्त आणि बाकी सारे सर्वांत कमी पडते.

शरीराची गरज याच्या नेमकी उलट असते. परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला दिवसाला २११० आणि स्त्रीला १६६० किलोकॅलरी ऊर्जा लागते. लोहाची शिफारस मात्र पुरुषासाठी १९ आणि स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तिला ऊर्जा पाचव्या हिश्शाने कमी, पण लोह दीडपट हवे. अशा ताटात भात कमी आणि पालेभाजी, कडधान्य अधिक असायला हवे. ‘सगळ्यांनी थोडे थोडे कमी खावे’ हा सल्ला या घरात आजोबांच्या साखरेला कदाचित उपयोगी पडेल. आईच्या रक्ताला तो मारक ठरेल.

मग प्रत्येकासाठी वेगळा स्वयंपाक करायचा काय? ज्या शहरात कामावरून घरी पोहोचायलाच कित्येकांना तास-दीड तास लागतो, तिथे हे सुचवणेही क्रूरपणाचे आहे. स्वयंपाक एकच, पण तो असा की त्याचे भाग वेगवेगळ्या प्रमाणात वाढता येतील. मसालेभात, चित्रान्न, पुळियोगरे यांत हे शक्य नसते. सगळे एकजीव झालेले असते आणि त्यात मुख्यत्वे तांदूळच असतो. धान्य, डाळ आणि भाजी ज्या जेवणात वेगळी राहतात, तिथे चार माणसांची चार ताटे एकाच भांड्यातून निघू शकतात. बंगळुरू आणि आसपासच्या जिल्ह्यांतील जुने घरगुती जेवण असे आहे, आणि इथे येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना ते वाटते तितके परके नाही.

मुद्दे, बस्सारु, कोसंबरी

या जेवणाचा कणा म्हणजे नाचणीचे मुद्दे. उकळत्या पाण्यात नाचणीचे पीठ सोडायचे, वाफ येऊ द्यायची, लाकडी दांड्याने घोटून गुठळ्या मोडायच्या आणि ओल्या हाताने गोळा वळायचा. महाराष्ट्रात, कोकणात आणि बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यात जी नाचणी भाकरी किंवा आंबील होते, ती इथे गोळा होते. या धान्यामागे इथले मोठे संशोधनही उभे आहे. कर्नाटकातील पैदासकार लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी वाणांच्या संकरातून ‘इंडाफ’ मालिकेतील वाण काढले, तेव्हा राज्यातील नाचणीच्या उत्पादनाला नवे बळ मिळाले.

नाचणीविषयी अलीकडे बरेच अतिशयोक्त बोलले जाते, म्हणून आकडे पाहणे बरे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३२० किलोकॅलरी मिळतात, तेवढ्याच पांढऱ्या तांदळातून सुमारे ३५५. फरक दहा टक्क्यांचा; म्हणजे ‘नाचणी कितीही खावी’ या म्हणण्यात अर्थ नाही. प्रथिनेही दोहोंत साधारण सारखीच, सात-आठ ग्रॅम. खरा फरक दोन ठिकाणी आहे. नाचणीत तंतुमय भाग ११ ग्रॅमच्या वर, तांदळात तीनपेक्षा कमी. आणि कॅल्शियम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम, तर तांदळात जेमतेम सात-आठ. अगदी बारीक दळलेल्या पिठाचा मोठा गोळा मधुमेही व्यक्तीची साखर वाढवू शकतो. अनेक मिलिटरी हॉटेलांत वाढला जाणारा भलामोठा मुद्दे हा शेतात राबणाऱ्याच्या भुकेचा वारसा आहे. संगणकापुढे आठ तास बसणाऱ्यासाठी तो नाही.

मात्र मुद्द्याचा एक गुण कोणत्याही पोषणतक्त्यात सापडत नाही. तो मोजलेला असतो. भाताचा ढीग आणखी एका डावाने कधी वाढतो, हे कळत नाही. गोळा मात्र एक किंवा दोन असतो. ६० ग्रॅम पिठाचा गोळा केवढा दिसतो, हे एकदा काट्यावर पाहिले की पुढे हाताला ते माप बसते.

मुद्द्याबरोबर येते ते बस्सारु. पुरणाची डाळ शिजवून काढलेल्या पाण्याची कटाची आमटी करणाऱ्या मराठी घराला त्याची कल्पना सांगावी लागत नाही. कानडीत ‘बसि’ म्हणजे निथळणे. मूग, चवळी किंवा तूरडाळ पालेभाजीसह शिजवतात आणि पाणी निथळून घेतात. त्या पाण्यात खोबरे, लसूण, मिरची, जिरे-धणे यांचे वाटण, चिंच आणि थोडे शिजलेले कडधान्यही वाटून घालून पातळ सारु उकळतात. उरलेले कडधान्य आणि पाला यांना फोडणी देऊन सुकी पल्या, म्हणजे परतलेली भाजी, होते. एका शिजवणीतून दोन पदार्थ निघतात. पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वे मोरीत जात नाहीत.

चार माणसांच्या रात्रीच्या जेवणाला याचे साधे माप असे धरता येते : मोड न आलेले, सकाळी भिजवलेले आख्खे मूग कोरडे असताना १५० ग्रॅम, माठ, शेपू, मेथी किंवा मिसळ पालेभाजी निवडून ५०० ग्रॅम, ओले खोबरे ४० ग्रॅम, दोन्ही फोडण्यांना मिळून तेल चार लहान चमचे, आणि नाचणीचे पीठ २६० ग्रॅम. यातून माणशी सरासरी सव्वाचारशे ते साडेचारशे किलोकॅलरी आणि १५ ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. वाटीभर दही किंवा पेलाभर ताक त्याला जोडले की रात्रीचे जेवण पुरे होते.

आता हे एकच भांडे चार ताटांत वाढून पाहू. मधुमेह असलेल्या आजोबांना ४५ ग्रॅम पिठाचा लहान मुद्दे, पल्या मात्र भरपूर. दिवसभर फिरतीचे काम करणाऱ्या वडिलांना ७५ ग्रॅमचा गोळा. वाढत्या वयाच्या, शाळेत खेळणाऱ्या मुलीला ८० ग्रॅमचा, वर दही आणि चमचाभर तूप. आणि आईला ६० ग्रॅमचा मुद्दे, पण मूग आणि पाल्याच्या पल्याचा वाटा वडिलांइतकाच, किंबहुना थोडा अधिक. पिठाची बेरीज पुन्हा २६०च होते. कोणासाठीही वेगळी भाजी चिरावी लागली नाही. अट एकच : आईचे ताटही याच वेळी वाढायचे. वाटे पडल्यानंतर जे उरते, त्यावर तिचे जेवण सोडायचे नाही.

या ताटात कच्चे काहीतरी हवे आणि तिथे कोसंबरी येते. नावातच मराठी कोशिंबीर ऐकू येते, पण इथल्या कोसंबरीत भिजवलेली मूगडाळ असते. काकडी किंवा गाजर, खोबरे, कोथिंबीर, लिंबू आणि मोहरीची छोटी फोडणी. डाळ शिजवायचीही गरज नाही, तासभर भिजली की झाले. रामनवमीला पानक आणि नीर मज्जिगे, म्हणजे पातळ ताक, यांबरोबर बंगळुरूच्या गल्ल्यांत ती द्रोणातून वाटली जाते. महाराष्ट्रात चैत्रातल्या हळदीकुंकवाला केलेली कैरीची डाळ तिची बहीणच म्हणायची. अशी डाळ घातलेली कोशिंबीर वर्षातून एकदा न करता आठवड्यातून चारदा केली, तर डाळीचा हिशेब बराच सुधारतो. तिच्यातील लिंबू केवळ चवीपुरते नाही : वनस्पतिजन्य अन्नातील लोह शोषून घेण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते.

केळीच्या पानावरील पारंपरिक पंगतीत कोसंबरी आणि पल्या आधी वाढतात, भात मागाहून येतो. भाजी आणि प्रथिने आधी, पिष्टमय पदार्थ नंतर, या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, असे अलीकडच्या काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पंगतीच्या रीतीमागे हाच विचार होता असे मानण्याचे कारण नाही. पण रीत आयती हाताशी आहे.

हिवाळ्यात या सगळ्यावर अवरेकाईचे राज्य असते. पावट्याच्या कुळातील या शेंगांच्या हंगामात बंगळुरूत अवरेबेळे मेळा भरतो आणि डोशापासून जिलबीपर्यंत सगळे त्यातून होते. घरी मात्र दाणे भिजवून, चिमटीने साल काढून केलेली हुळी हीच खरी मेजवानी. वालाच्या डाळिंब्या सोलत बसलेल्या मराठी घराला हे काम आणि त्याची किंमत दोन्ही ठाऊक आहे. सालीबरोबर तंतुमय भाग जातो हे खरे. म्हणून रोजच्या उप्पिट्टात, म्हणजे उपम्यात, दाणे न सोलता घालावेत आणि सोललेले दाणे रविवारसाठी ठेवावेत.

तीनास एक

सगळ्यांनाच मुद्दे आवडेल असे नाही. तो न चावता गिळायचा असतो आणि पहिल्या घासालाच कित्येकांचा निश्चय डळमळतो. भात आणि पोळी सोडण्याची आवश्यकताही नाही. २५० आणि ८५ या आकड्यांत दडलेले गुणोत्तर लक्षात ठेवले तरी पुरे : तीन भाग धान्याला एक भाग डाळ. धान्यातील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत जी उणीव असते ती धान्य भरून काढते. तीनास एक या मापात ही जोडी नीट जमते.

हे गुणोत्तर प्रयोगशाळेत जन्मलेले नाही. अनेक घरांतील इडलीच्या पिठात तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद पडतो. बिसिबेळे भातात तर कित्येक घरी तांदूळ आणि तूरडाळ जवळजवळ सारख्याच मापाने घेतात. नावातील ‘बेळे’ म्हणजे डाळच. हॉटेलात तिच्यावर तुपाची धार आणि बुंदी येते आणि डाळ मागे पडते. घरी केलेल्या बिसिबेळे भातात एक वाटी तांदूळ, एक वाटी डाळ आणि तीन-चार वाट्या गाजर, घेवडा, नवलकोल, मटार घातले, तर मसालेभाताविषयी वर केलेली तक्रार इथे लागू होत नाही.

अडचण नाश्त्याची आहे. खारा भात, केसरी भात, डोसा, अवलक्की, अक्की रोट्टी : बंगळुरूचा सकाळचा फराळ जवळजवळ सगळा धान्याचा. त्यातील पदार्थ टाकण्यापेक्षा त्यांच्या पोटात शिरणे सोपे. अक्की रोट्टीच्या तांदळाच्या पिठात तेवढ्याच आकारमानाचा चिरलेला शेपू, किसलेले गाजर आणि भिजवलेली मूगडाळ मळता येते. डोशाच्या पिठात आठवड्यातून दोनदा तांदळाऐवजी हिरवे मूग वाटता येतात. पोह्यांत शेंगदाणे आणि मटार यांची मूठ वाढवणे तर कोणत्याही मराठी घराला शिकवायला नको.

तेलाचे मोजमाप सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित. नीती आयोगाच्या ऑगस्ट २०२४ च्या अहवालानुसार देशात खाद्यतेलाचा वापर २०२०-२१ मध्ये दरडोई वर्षाला १९.७ किलो होता. संस्थेच्या नमुना ताटातील २७ ग्रॅम वर्षाला सुमारे दहा किलो भरतात. हॉटेले, बेकरी आणि पाकिटबंद पदार्थांतील तेलही पहिल्या आकड्यात येते, त्यामुळे सगळा दोष घरच्या कढईवर टाकता येणार नाही. तरीही अंतर दुपटीचे आहे. फोडणीला डब्याची धार सोडण्याऐवजी महिन्याच्या पहिल्या तारखेला साडेतीन लिटर तेल वेगळे काढून ठेवणे आणि महिनाअखेर ते केव्हा संपले हे पाहणे, एवढ्याने घराला आपली स्थिती कळते. तूप घेतल्यास ते याच हिशेबात धरायचे. एखाद्या सणाला तळण झाले, तर पुढचे आठ दिवस फोडणी अर्धी.

भाजीचे ४०० ग्रॅम मात्र खिशाला आणि वेळेला जड जातात, हे मान्य करायला हवे. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ‘हॉपकॉम्स’ या बागायतदार सहकारी संस्थेची विक्री केंद्रे आणि गल्लोगल्ली येणाऱ्या सोप्पु म्हणजे पालेभाजीच्या गाड्या, यांमुळे बंगळुरूत ताजा पाला सहज मिळतो. खर्च होतो तो निवडण्याचा वेळ. तो एकट्या बाईच्या माथी असेल, तर पालेभाजी आठवड्यातून एकदाच होणार. रात्री दूरचित्रवाणीपुढे बसून घरातील सगळ्यांनी जुडी निवडली, न धुता कोरड्या कापडात गुंडाळून शीतपेटीत ठेवली, सकाळी मूग भिजत घातले, तर संध्याकाळी कुकर लावण्यापासून मुद्दे वळेपर्यंत पाऊण तास पुरतो.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी धान्य एकदम कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. औषधाची मात्रा आणि भाताचे माप दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना डाळी आणि पालेभाज्याही मर्यादित कराव्या लागतात. त्यांच्यासाठी वरील मापे नाहीत.

आणि कॉफी. बंगळुरूत जेवणानंतर फिल्टर कॉफी नको म्हणणे हे यजमानाला दुखावण्यासारखे. पण चहा-कॉफीतील टॅनिन अन्नातील लोहाशी बांधले जाते आणि ते शरीराला मिळत नाही. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, असे पोषण संस्थेच्या सूचना सांगतात. पाल्याचे, मुगाचे आणि लिंबाचे सारे श्रम एका पेल्यात वाया जाऊ शकतात. डिकॉक्शन दुपारी चारला गाळले तरी तितकेच चांगले लागते.

मुद्दे मात्र ताजाच खावा. थंड झाला की तो कडक होतो. वळताना अंदाज चुकून एखादा गोळा उरलाच, तर तो रात्री पाण्यात बुडवून ठेवतात आणि सकाळी कुस्करून ताक, मीठ, चिरलेला कांदा घालून पितात. त्या सकाळच्या नाश्त्यातून तेवढे धान्य वजा करायचे.